नंदुरबारच्या पाड्यावरची शाळा नेमकी कोणाची? पटसंख्या, पैसा आणि समूह शाळांचं गणित

२१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या शिक्षण आयुक्त कार्यालयातून एक पत्र निघालं. २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवा, असं त्यात म्हटलं होतं. याच सुमारास कमी पटाच्या शाळांचे आकडेही चर्चेत आले. २०२१-२२ च्या युडायस नोंदींनुसार अशा शाळा १४,७८३. त्यात शिकणारी मुलं १,८५,४६७ आणि शिकवणारे शिक्षक २९,७०७.

पत्रात दोन ठिकाणांचं उदाहरण दिलं होतं. एक पुणे जिल्ह्यातलं पानशेत. दुसरं नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ.

पुढे काय झालं ते अनेकांना आठवत असेल. शिक्षक संघटना, पालक, शिक्षणक्षेत्रातले कार्यकर्ते, सगळीकडून विरोध झाला. शाळा बंद करण्याचा विचार नाही, असं सरकारकडून सांगण्यात आलं आणि चर्चा थंडावली. पण एक गोष्ट तशी मागेच राहिली. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात सगळ्यात खाली असलेला जिल्हा अख्ख्या महाराष्ट्रासाठी नमुना म्हणून कसा काय पुढे आला? आणि तिथल्या पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलासाठी या नमुन्याचा अर्थ काय?

आधी जिल्हा समजून घ्या

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचं विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा तयार झाला. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. अक्राणीचं मुख्यालय धडगाव, त्यामुळे बोलताना लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात अनुसूचित जमातींचा वाटा जवळपास ६९ टक्के. साक्षरता ६४.४ टक्के, तेव्हा राज्याची होती ८२.३. पुरुष आणि स्त्रियांच्या साक्षरतेत सुमारे १५ टक्क्यांची दरी.

नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा पहिला अहवाल काढला. त्यात २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे नंदुरबारमधली निम्म्याहून अधिक लोकसंख्या गरीब ठरली होती, राज्यात सर्वाधिक. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'आकांक्षित जिल्हे' कार्यक्रमातही महाराष्ट्रातून नंदुरबार निवडला गेला. या कार्यक्रमात जिल्ह्याला जे गुण मिळतात, त्यातले ३० टक्के शिक्षणासाठी असतात.

पण जिल्ह्याची सरासरी नंदुरबारबद्दल फार काही सांगत नाही. तापीच्या काठचा शहादा-नंदुरबारचा पट्टा केळी, पपई, ऊस आणि मिरचीचा. तिथे बाजारपेठ आहे, खासगी संस्थांच्या शाळा आहेत, कॉलेजं आहेत. सातपुड्यात चढून अक्राणी-अक्कलकुव्यात गेलात की चित्र बदलतं. तिथे गाव म्हणजे एका जागी असलेली घरं नव्हेत. एका महसुली गावाचे अनेक पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले असतात. एका पाड्यावरून दुसरा पाडा समोर दिसतो, पण तिथे पोचायला दरी उतरून पुन्हा चढावं लागतं. नर्मदेकाठी तर सरदार सरोवराच्या पाण्याने जुन्या वाटाच गिळल्या. तिथल्या काही पाड्यांवर जायचं म्हणजे बार्ज किंवा होडी.

हा भूगोल डोक्यात ठेवूनच 'कमी पटाची शाळा' हे शब्द वाचायला हवेत.

इतक्या लहान शाळा आल्या कुठून?

कमी पटाची शाळा म्हणजे लोकांनी पाठ फिरवलेली शाळा, असा समज असतो. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण डोंगरी भागातल्या अनेक शाळा पहिल्या दिवसापासून लहानच आहेत, कारण सरकारने त्या तशाच उघडल्या.

२००० च्या सुमारास महाराष्ट्राने वस्तीशाळा योजना आणली. जिथे नियमित शाळा नाही, अशा वस्तीवर स्थानिक शिकलेल्या तरुणाला तुटपुंज्या मानधनावर नेमायचं आणि मुलं गोळा करून वर्ग सुरू करायचा, अशी ती कल्पना. पुढे सर्व शिक्षा अभियानाचा पैसा आला आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. वस्तीशाळांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि तिथल्या निमशिक्षकांना बऱ्याच आंदोलनांनंतर २०१४ मध्ये सेवेत सामावून घेतलं गेलं.

थोडक्यात, दहा-बारा वर्षं धोरण होतं 'मुलाच्या दारात शाळा'. त्यानंतर त्याच शाळांकडे 'परवडत नाहीत' म्हणून पाहिलं जाऊ लागलं. यात पाड्याने काहीच केलेलं नाही. पाडा तेव्हाही वीस-पंचवीस घरांचा होता, आताही तेवढाच आहे.

एक मूल, चार दरवाजे

नंदुरबारमधल्या शिक्षणाची खरी गुंतागुंत सुरू होते ती इथे. आदिवासी कुटुंबातल्या मुलासमोर साधारणपणे चार प्रकारच्या सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा असतात आणि त्या चारही वेगवेगळ्या कार्यालयांच्या ताब्यात आहेत.

पहिली, जिल्हा परिषदेची शाळा. इमारत आणि शिक्षक जिल्हा परिषदेचे, पगार राज्याच्या शालेय शिक्षण विभागाचा, आणि पुस्तकं, गणवेश, दुरुस्ती, प्रशिक्षण यांचा बराच पैसा 'समग्र शिक्षा'मधून. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के.

दुसरी, आश्रमशाळा. ही आदिवासी विकास विभागाची. राज्यात सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित, म्हणजे खासगी संस्थांनी चालवलेल्या. नंदुरबार जिल्ह्यात या विभागाची नंदुरबार आणि तळोदा अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. त्यांच्या वर नाशिकचे अपर आयुक्त. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याचा इथल्या रोजच्या कारभाराशी फारसा संबंध येत नाही.

तिसरी, केंद्र सरकारची एकलव्य निवासी शाळा. ज्या तालुक्यात निम्म्याहून अधिक आणि किमान २० हजार आदिवासी लोकसंख्या आहे तिथे एक, असं धोरण आहे. सहावी ते बारावी. शिक्षकांची भरती केंद्रीय पातळीवर, त्यामुळे परराज्यातले शिक्षकही येतात.

चौथा दरवाजा बाहेरच्या लोकांना कमी माहीत असतो. 'नामांकित शाळा' योजनेत आदिवासी विकास विभाग मुलांना शहरांतल्या खासगी इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांमध्ये पाठवतो आणि फी स्वतः भरतो.

यांच्या पलीकडे नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकापासून बुडित क्षेत्रात चालवलेल्या जीवनशाळा आहेत. सरकारी शाळा कागदावर होत्या पण भरत नव्हत्या, अशा गावांत त्या उभ्या राहिल्या. त्यांचं महत्त्व मोठं आहे, पण तो वेगळा विषय.

आता असं समजा की एका पाड्यावरची मुलगी पहिली-दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, तिसरीला आश्रमशाळेत गेली आणि सहावीला एकलव्यमध्ये. सहा वर्षांच्या आत ती तीन प्रशासनांच्या हाताखालून गेली. मधल्या काळात ती वाचायला का शिकली नाही, असं कुणी विचारलं तर तिघांकडेही एकच उत्तर तयार असतं: आमच्याकडे आली तेव्हाच कच्ची होती, किंवा आमच्याकडून गेली तेव्हा बरी होती.

पैशाचं गणित मांडून पाहू

लहान शाळांविरोधातला सगळ्यात जोरकस मुद्दा खर्चाचा. वरच्या आकड्यांवरून साधा भागाकार केला तर कमी पटाच्या शाळेत सरासरी साडेबारा मुलं आणि एका शिक्षकामागे सहा मुलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात. त्या मापाने सहा मुलांमागे एक शिक्षक ही चैनच वाटेल.

आता थोडं पुढे जाऊन पाहा. १५ मुलांची एक शाळा घ्या, दोन शिक्षक धरा आणि प्रत्येकाचा पगार महिन्याला ढोबळमानाने ५० हजार. वर्षाचे १२ लाख. म्हणजे दर मुलामागे ८० हजार. पगार जास्त धरला तर हा आकडा वाढेल, मुलं २० धरली तर कमी होईल.

एकलव्य शाळेसाठी केंद्राने ठरवलेला आवर्ती खर्च दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १ लाख ९ हजार रुपये आहे. नामांकित शाळा योजनेत शाळेच्या श्रेणीनुसार साधारण ५० ते ७० हजार रुपये फी दिली जाते.

ही तुलना अगदी समान नाही, हे खरं. निवासी शाळेच्या आकड्यात जेवण, राहणं, कपडे आलं. पण मुद्दाही तोच आहे. पाड्यावरची शाळा बंद करून मूल निवासी शाळेत नेलं तर जेवण-राहण्याचा खर्च सरकारला करावाच लागतो, जो आतापर्यंत आईबाप करत होते. तो धरला की 'लहान शाळा परवडत नाही' हे वाक्य डळमळायला लागतं. फरक एवढाच पडतो की खर्च एका विभागाच्या वहीतून दुसऱ्या वहीत किंवा दुसऱ्या योजनेत जातो. जिल्हा परिषदेच्या बाजूने पाहिलं तर ती खरोखर बचत असते. राज्याच्या तिजोरीच्या बाजूने पाहिलं तर तसं म्हणता येत नाही.

या लहान शाळेच्या स्वतःच्या हातात किती पैसा असतो, हेही बघण्यासारखं आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेला 'संयुक्त शाळा अनुदान' मिळतं आणि ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये. ३१ ते १०० असेल तर २५ हजार. १०१ ते २५० ला ५० हजार, त्यापुढे ७५ हजार आणि हजाराच्या वर पट असेल तर एक लाख. खडू, फळा, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं यातूनच. पत्र्याच्या खोलीचं छप्पर मात्र पट बघून गळत नाही. धडगावच्या डोंगरात सिमेंटची गोणी चढवायलाही मैदानापेक्षा जास्त भाडं पडतं, अनुदान ठरवताना याचा विचार कुठेच नाही.

आदिवासी भागासाठी पैसाच नसतो असंही नाही. १९९२ च्या सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर महाराष्ट्राने आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे आजच्या हिशेबाने ९ टक्क्यांच्या वर, योजनेतला निधी वेगळा ठेवण्याचं तत्त्व स्वीकारलं. ते इतर अनेक राज्यांच्या आधी. पण हा निधी आदिवासी विकास विभागाच्या मार्गाने जातो आणि शिक्षणापुरता त्याचा स्वाभाविक ओढा आश्रमशाळा, वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्यांकडे असतो. याच भागातली अनेक लहान आदिवासी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत असली, तरी ती शाळा या विभागाची नाही.

शिक्षक कुठे अडतात?

शाळेला किती शिक्षक मिळणार हे 'संचमान्यता' ठरवते. साध्या भाषेत, दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट बघून पदं मंजूर करण्याची प्रक्रिया. अलीकडच्या वर्षांत त्यात आधार वैध असलेली मुलंच धरली जाऊ लागली. मधूनमधून सवलती मिळतात, पण पद्धत तीच.

यात एक विचित्र योगायोग आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः त्यासाठी आले होते. आता याच जिल्ह्यात एखाद्या मुलाच्या आधारवर जन्मतारीख किंवा नाव चुकलं तर ते मूल वर्गात बसतं, पण शिक्षकाच्या मंजुरीसाठी मोजलं जाईलच याची खात्री नसते. २० च्या उंबरठ्यावरच्या शाळेत अशा एका-दोन मुलांनीही फरक पडू शकतो.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. त्यावर राज्यभर सगळ्यात जास्त ओरड झाली ती सहावी ते आठवीच्या वर्गांवरून. या तीन वर्गांत मिळून २० हून कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. पुढे ५ सप्टेंबर २०२४ ला कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला. काही महिन्यांत तोही मागे घेतला गेला.

नंदुरबारला यात आणखी एक पदर आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके संपूर्ण, तर नंदुरबार आणि शहाद्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अशा भागातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांसारखी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवली. मुलांची बोली समजणारा शिक्षक मिळावा, तो बदली मागून जाऊ नये, हा त्यातला विचार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि भरती अडकली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली, त्यामागच्या मागण्यांत ही रखडलेली भरतीही होती. त्यानंतर निवड झालेल्या उमेदवारांना तात्पुरत्या, मानधनावरच्या नेमणुका देण्याचा मार्ग सरकारने काढला.

आश्रमशाळांची स्थिती याहून फार वेगळी नाही. वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणाऱ्यांच्या जागी २०२५ मध्ये बाह्यस्रोत कंपनीमार्फत १,७९१ शिक्षक घेण्याचा निर्णय झाला. त्याविरोधात जुलैपासून नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन बसलं. गणिताचा शिक्षक वर्षाच्या मध्यावर आंदोलनात असेल, तर दहावीच्या वर्गात काय होत असेल?

अवघड क्षेत्रात काम करणाऱ्या नियमित शिक्षकाला एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ मिळतो, ही सोय २००२ पासून आहे. पण ठरावीक सेवा झाली की सोप्या क्षेत्रात बदली मागण्याचा हक्कही मिळतो. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने गावाकडे परततात. यात त्यांचा दोष काढता येत नाही. म्हातारे आईबाप सगळ्यांनाच असतात. पण पावरी बोलणाऱ्या मुलांचं बोलणं समजायला शिक्षकाला जी दोन-तीन वर्षं लागतात, ती पूर्ण होताच तो निघतो.

मुलं शिकतात का, हे कसं कळणार?

अशा लेखात इथे एक टक्केवारी अपेक्षित असते. ती देण्याआधी ती कशी तयार होते ते बघणं जास्त उपयोगाचं.

राष्ट्रीय पातळीवरची सर्वेक्षणं, म्हणजे नोव्हेंबर २०२१ ची संपादणूक चाचणी किंवा डिसेंबर २०२४ चं 'परख', नमुना शाळा निवडून जिल्ह्याचा एक आकडा देतात. तापीकाठची शाळा आणि नर्मदाकाठची शाळा त्या एकाच आकड्यात मिसळते. शिवाय चाचणीच्या दिवशी जे मूल वर्गात आहे तेच मोजलं जातं. दहावीच्या निकालाचंही तेच. नाशिक विभागीय मंडळाच्या निकालात नंदुरबारची टक्केवारी दरवर्षी छापून येते, पण ती दहावीपर्यंत टिकलेल्या मुलांची. पाचवीत किंवा आठवीत सुटलेलं मूल त्यात नापासही होत नाही. ते असतंच नाही.

दिवाळीनंतर या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि शेतमजुरीला दक्षिण गुजरातेत, सौराष्ट्रात किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीला परततात. सातपुड्यातली होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे, त्यासाठी माणूस कुठूनही घरी येतो. मधल्या चार-पाच महिन्यांत मुलं एकतर सोबत जातात किंवा आजीआजोबांकडे राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पट मोजला जातो ३० सप्टेंबरला, स्थलांतर सुरू होतं त्यानंतर. जानेवारीतला वर्ग आणि कागदावरचा वर्ग यात जे अंतर पडतं, त्याची नोंद कुठल्याच अनुदानाच्या सूत्रात नाही.

भाषेचा मुद्दा तर मुळातच आहे. घरी भिली, पावरी, मावची, देहवाली बोलणाऱ्या मुलाला पहिलीच्या पहिल्या दिवशी प्रमाण मराठीतलं पुस्तक मिळतं. चाचणीही मराठीतच. तिसरीतलं मूल परिच्छेद वाचू शकलं नाही, यातून त्याला वाचता येत नाही हे कळतं की त्याला ती भाषा येत नाही हे कळतं? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यावर जादा तासिका पुरेल. दुसऱ्यावर बोली येणारा शिक्षक लागेल, आणि त्याची भरती कुठे अडली होती ते वर आलंच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतल्या शिक्षकांचीच क्षमता परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. त्यावर बहुसंख्य शिक्षकांनी बहिष्कार घातला. शिक्षकांना काय येतं हे तपासण्यात गैर काही नाही. पण भाषा, स्थलांतर आणि रिक्त पदं जागच्या जागी ठेवून फक्त शिक्षकाला परीक्षेला बसवलं की विभागाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, एवढंच.

मग समूह शाळा वाईटच का?

तसं नाही. एक शिक्षक, चार इयत्ता, एक खोली. त्यात शिक्षकाकडे निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब. तो केंद्राच्या बैठकीला गेला की शाळा बंद. अशा शाळेत शिकणं म्हणजे काय, हे तिथल्या पालकांना चांगलं माहीत आहे. म्हणून तर अनेक जण स्वतःहून मुलांना आश्रमशाळेत घालतात. विषयाला शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान, बरोबरीची मुलं, हे सगळं मोठ्या शाळेत मिळू शकतं. तोरणमाळला आसपासच्या पाड्यांवरच्या शाळांमधली मुलं एका निवासी शाळेत आणण्यामागचं कारण हेच होतं. विखुरलेल्या डोंगरी पाड्यांवर चांगला शिक्षक टिकवणं जमत नसेल, तर मुलांना शिक्षकापाशी आणावं.

पण पानशेत आणि तोरणमाळ एका वाक्यात बसत नाहीत. जिथे मुलं बसने येतात आणि संध्याकाळी घरी जातात, ती समूह शाळा. जिथे मुलं महिनोन्‌महिने राहतात, ते वसतिगृह. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक छोटा नाही. आश्रमशाळांमधल्या मुलांच्या मृत्यूंवरून २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. निवासी शाळा चालवायची म्हणजे रात्री ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात कोण नेणार, मुलींच्या खोलीशेजारी महिला अधीक्षक आहे का, पावसाळ्यात साप-विंचू चावला तर काय, याची उत्तरं तयार हवीत. ही उत्तरं शोधण्यात आदिवासी विकास विभागाची पन्नास वर्षं गेली आणि अजून ती पूर्ण सापडलेली नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचा तर तो कधी पिंडच नव्हता.

म्हणून तोरणमाळचं यश मोजायचं तर शाळेत किती मुलं आहेत हा आकडा पुरत नाही. विलीन झालेल्या प्रत्येक शाळेच्या शेवटच्या पटावरचं नाव धरून, ते मूल आज कुठे आहे हे शोधावं लागेल. समूह शाळेत आहे, आश्रमशाळेत गेलं, की घरी गुरं राखतंय? विशेषतः मुली. युडायसमध्ये आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद असते, त्यामुळे हे शोधणं अशक्य नाही. दुसऱ्या जिल्ह्यांना नमुना म्हणून पत्र पाठवण्याआधी ही यादी सोबत जोडायला हवी होती.

निर्णय कोणाच्या हातात?

नंदुरबारला राजकीय वजन नाही असं म्हणता येणार नाही. जानेवारी २०२० पासून जून २०२२ पर्यंत आदिवासी विकास मंत्री होते अक्कलकुव्याचे आमदार के. सी. पाडवी. ऑगस्ट २०२२ पासून २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत होते नंदुरबारचे आमदार डॉ. विजयकुमार गावित. सरकार बदललं, पक्ष बदलला, खातं जिल्ह्यातच राहिलं. पण जिल्हा परिषदेची शाळा त्या खात्यात येत नव्हती.

जिल्हा परिषदेची निवडणूक झाली होती जानेवारी २०२० मध्ये. मुदत संपली २०२५ च्या सुरुवातीला. आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे वेळेत नवी निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे शाळांच्या विलीनीकरणासारख्या विषयावर जिथे सदस्याने उभं राहून प्रश्न विचारायचा, ती शिक्षण समितीच राहिली नाही.

कायद्याने बघितलं तर खालची पायरी भक्कम आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ मध्ये आले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि शिक्षण हा त्या खर्चाच्या मान्य विषयांपैकी एक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम याच समितीचं. प्रत्यक्षात आराखडा बऱ्याचदा मुख्याध्यापक भरतात आणि सह्या नंतर गोळा होतात.

तुमच्या पाड्यावर प्रस्ताव आला तर?

शाळा विलीन करण्याचा विषय निघाला तर सगळ्यात आधी शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव लेखी करून घ्या, बाजूने असो की विरोधात. नवी शाळा किती लांब आहे हे नकाशावरच्या सरळ रेषेने मोजू नका. मूल चालणार त्या वाटेने मोजा, पावसाळ्यातली वाट धरून. अंतर एक किंवा तीन किलोमीटरपेक्षा जास्त भरलं तर वाहतुकीची किंवा निवासाची सोय करणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे. समग्र शिक्षेत वाहतूक भत्ता दर मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत धरता येतो, म्हणजे दहा महिने धरले तर महिन्याला ६००. त्या पैशात तुमच्या घाटात रोज जीप येते का, हे प्रस्ताव मान्य होण्याआधी विचारा.

निवासी सोय देणार असं सांगितलं तर अधीक्षक, रात्रीचा कर्मचारी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं अंतर या तीन गोष्टी लेखी मागा.

आणि ऐकलं गेलं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय देणं बंधनकारक आहे. तिथेही समाधान झालं नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. तक्रारीसोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि शाळा बंद होण्याआधीच्या हजेरीपटाची प्रत जोडा. हजेरीपट तालुक्याला जमा झाला की तो परत मिळवायला वेळ लागतो.